तीन साखळी

होंड्याच्या पंचायत सभागृहात
एरवी नाटकाच्या तालमी चालतात,
पडदा अजून एका कडीला लोंबतोय,
तिथं आज सरकारी विम्याची कार्डं काढतात.
माझा नंबर एकेचाळीस.
चैत्रात मला साठ भरतील.
मालकानं सांगून ठेवलंय, सगुण,
दिवाळीपर्यंत बघ, मग बॅग पोराकडे दे.

चामड्याची बॅग. वाळपई–साखळी–पणजी, चौतीस वर्षं.
पट्टा जिथं बसायचा तिथली कातडी
वेगळ्याच रंगाची झालीय.
खाजगी बसला पेन्शन नसते,
शाल असते,
तीही मालकाला आठवली तर.

माजिकांची मुलगी यंत्र मांडून बसलीय.
शाळेत जाताना हिचं हाफ तिकीट मीच फाडायचो.
‘अंगठा ठेवा.’ ठेवला.
यंत्र नाही म्हणालं.
शर्टाला पुसून ठेवला. नाही.
नोटा मोजून झिजला असेल गो, म्हटलं.
‘मग डोळे दाखवा.’
डोळ्यांना हो म्हणालं.

‘कुटुंबात कोण?’
वयनी.
‘म्हणजे बायको?’
नाही, लाडकोदादाची.
दादा गेला त्याला सव्वीस वर्षं झाली.
तेव्हापासून मी शेवटची बस लावून येतो
आणि ती पेज झाकून जागी असते.
एवढं सगळं मी बोललो नाही.
म्हटलं, जयवंती. वय अडुसष्ट.

यादी उघडली तिनं:
पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, बाप.
खाली गेली, वर आली, पुन्हा खाली,
सांडलेलं सुटं शोधावं तशी.
‘वयनी नाही हो यात, सगुणमामा.’
मग आवाज उतरवून,
‘आई लिहू?’
फक्त नऊ वर्षांनी मोठी आहे, म्हटलं,
आणि बाकावर बसलीय, ऐकेल.

माझ्या बसमध्ये हे सोपं होतं.
गर्दीतून एक हात वर यायचा,
‘तीन साखळी.’
मी तीन फाडायचो.
कोण कोणाचं, कधी विचारलं नाही.
एकदा एक म्हातारा, एक बोडकी पोर
आणि कोंबडा धरलेला परका माणूस,
तरी तीनच साखळी.

शेवटी अर्ज दोन झाले.
घर नंबर तोच,
वीजबिलाची प्रत तीच, दोन्हींना टाचलेली.
पहिल्या कुटुंबात मी. सदस्य एक.
दुसऱ्यात ती. सदस्य एक.
पैसे दोनदा भरले, पावत्या दोन.
वयनीला यातलं किती कळलं कोण जाणे,
फोटोला पदर नीट करून बसली,
लग्नातल्यापेक्षा बरी आली.

‘आधीचे काही आजार?’
नाही, मी म्हटलं.
‘नाही कसं?’ ती मागून उठून आली.
‘साखर आहे त्याला. गोळी घेतो, विसरतो.
पायाच्या शिरा फुगल्यात,
रात्री पायांखाली उशी घेतो
आणि सकाळी जागच्या जागी ठेवतो,
मला दिसत नाही असं वाटतं त्याला.’

मुलगी लिहीत राहिली.
तुमचे, वयनी?
‘मला कसलं काय.’
मग मी सांगितलं.
बीपी. डावा गुडघा. डाव्या कानाला कमी येतं.
दोन वर्षांमागं न्हाणीत पडली होती,
शेजारणीला शपथ घातली मला न सांगण्याची.
वयनी माझ्याकडे बघत राहिली.
‘सगळं लिहायचं का?’ मुलीनं विचारलं.
दोघंही एकदम म्हणालो, त्याचं लिही,
तिचं लिही.

परतताना दुसऱ्याची बस.
मी आत शिरून सीटवर बसलो,
पाय कुठं ठेवायचे कळेना.
वयनी खिडकीकडे, मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत दोन पावत्या एकाच पिनेत.
कंडक्टर कालचा पोरगा.
मी नोट पुढं केली,
दोन वाळपई.
त्यानं दोन फाडली,
आणि एक रुपया कमी परत दिला.
मी काही बोललो नाही.
चौतीस वर्षं मीही तेच करत आलोय.